पाटीवरची वेळ

खांबेवाडी, मु. पो. कोळवण
१२ जानेवारी १९६४

प्रभाताई,

माझं अक्षर ओळखून तुम्ही पाकीट न फोडताच बाजूला ठेवाल अशी धास्ती होती, म्हणून पत्ता पोस्टातल्या माणसाकडून लिहून घेतला. आता फोडलंच आहे तर पुढचं वाचाच. दीड वर्षं मुकाट राहिलेला माणूस आज लिहितोय म्हणजे काम निघालं असणार, हे तुम्ही एव्हाना ताडलं असेल. काम आहे.

माझा प्रबंध एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सादर व्हायचा आहे. आमचे मार्गदर्शक म्हणतात की बासष्ट साली या वाडीत वाचनाची चाचणी घेतली ती दोघांनी मिळून, तेव्हा दुसऱ्याचीही सही हवी. सोबत कागद जोडला आहे. दोनच ओळी आहेत : ‘चाचणी माझ्यासमक्ष आणि रीतसर झाली.’ खाली सही करायची आणि परत धाडायचा. छापील लेखातून तुमचं नाव गळलं त्याबद्दल तुमच्या मनात काही असेल, पण छपाईत अशा गोष्टी होतात. सांगलीला तुमचं बरं चाललं असेल.

मी आठ दिवस झाले इथे आहे. साक्षर झालेल्या माणसाची अक्षरओळख दोन वर्षांनी कितपत टिकते, ही पाहणी राहिली होती. सरपंच येसाजींच्या पडवीत मुक्काम आहे. वेशीवरचा ‘शंभर टक्के साक्षर’ हा फलक अजून धुऊन पुसून ठेवतात. तुम्हाला आठवेल, समारंभात पौडहून आलेल्या साहेबांनी जाहीर केलं होतं की साक्षर गावाला दवंडी शोभत नाही, यापुढे सगळं लेखी. तेव्हापासून भिकूची हलगी खुंटीला आहे. गावच्या सूचना आता पाटीवर लिहितात.

सध्या कोळवणकडून वाडीपर्यंत रस्ता काढताहेत. मधे कातळ लागला म्हणून रोज सुरुंगाचे बार उडवतात. बायका शेळ्या घेऊन वरच्या माळाला जातात ती पायवाट त्या कातळाच्या डोक्यावरूनच जाते. वाट फुटते तिथे मोठी पाटी लावली आहे : दुपारी बारा ते दोन या वेळेत कोणीही पुढे जाऊ नये. काल मी मुद्दाम तिथे बसून पाहिलं. साळूबाई आली, शेळ्या थांबवल्या, पाटीपुढे उभी राहिली, अक्षरांखालून बोट फिरवलं, ओठ हलले, आणि मग पुढे गेली. अभिमान वाटला मला. तरी दुपारचं जेवण गेलं नाही, का ते कळेना.

कागद लवकर धाडा.

नरहरी दामले


खांबेवाडी
३० जानेवारी

प्रभाताई,

कार्ड मिळालं. अख्ख्या कार्डावर दोन वाक्यं, म्हणजे टपालखात्याची चैनच म्हणायची. ‘शेवटचा धडा आधी आणि पहिला शेवटी असं वाचून घ्या. जमलं तर सही करते.’

घेतलं. जमलं. सगळ्यांनी वाचलं.

तेव्हा आता सही करून टाका. इकडे थंडी छान आहे, येसाजींकडे रोज तांदळाची भाकरी असते. पाटीची काळजी नसावी.

न. दामले


खांबेवाडी
८ फेब्रुवारी

प्रभाताई,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. उलट क्रमाने वाचून घेतलंच नव्हतं. तुमचं कार्ड आलं त्या दिवशी मी पुस्तक हातात घेतलं, साळूबाईच्या दारापर्यंत गेलो आणि तिथून परतलो. आणि पाटीची काळजी नसावी असं लिहून बसलो. तुम्ही तर पाटीबद्दल एक अक्षर विचारलं नव्हतं.

परवा मात्र गेलो. साळूबाईचा नवरा कुशाबा अंगणात दोर वळत बसला होता. ती ओट्यावर टेकली, पदराला हात पुसले, पुस्तक घेतलं. मी म्हणालो, “साळूबाई, आज हा शेवटचा धडा वाचा.”

“कुटला बी वाचते की, मास्तर.”

तो धडा बियाणं आणि खताचा होता. तिने पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं आणि खड्या आवाजात सुरू केलं, “गंगा घागर घे. गंगा पाणी भर. पाणी गाळून पी.” म्हणजे पहिला धडा. बोट खतावरून चाललं होतं आणि तोंडातून गंगा पाणी भरत होती. मी हळूच पुस्तक मिटलं. तिचं लक्षच नव्हतं, ती पुढे म्हणतच राहिली. चाळीसच्या चाळीस धडे, ताई! एक शब्द इकडचा तिकडे नाही.

मग ती थांबली. मिटलेलं पुस्तक तिला दिसलं. कुशाबा विहिरीकडे जाईपर्यंत ती गप्प बसली आणि मग एकदम माझ्याजवळ सरकली.

“मास्तर, कुनाला सांगनार न्हाई न्हवं?”

“अहो, पण शिकताना तरी सांगायचं होतं.”

“कसं सांगायचं? वर्ग सुरू जाला त्या दिशी देवाम्होरं भंडारा उचललाय आमी. अंगठा लावनार न्हाई, अडानी ऱ्हानार न्हाई, आसं बोललोय सगळ्या. आता येत न्हाई म्हणलं तर शपत मोडली. द्येव सोडंल का? माजी दोन लेकरं त्यानंच राखल्यात.”

“मग पाटीपुढे उभ्या राहून काय वाचता?”

“ह्येच की. गंगा घागर घे.”

“आणि सुरुंगाची वेळ कशी कळते?”

“पयला बार झाला की कळतंय.”

हे ती हसून म्हणाली. त्यानंतरच्या दोन दिवसांत मी एकतीस बायकांकडून उलट क्रमाने वाचून घेतलं. दोघींना खरोखर वाचता येतं, एक लीलाबाई आणि एक तिची जाऊ. बाकी सगळ्या कानाने वाचतात. हा शब्द तुमचा. बासष्ट साली याच साळूबाईने एकदम दोन पानं उलटली आणि तिचा आवाज अडखळला नाही, हे तुम्ही टिपलं होतं. एस.टी.ची वाट बघत असताना तुम्ही मला म्हणालात की दोनदा ऐकून चाळीस धडे धरून ठेवणारा कान हाच खरा अभ्यासाचा विषय आहे, चाचणी पुन्हा घेऊ. मी म्हणालो, तुम्हाला खुसपट काढायची सवयच आहे. तुमचं नाव छपाईत गळलं नव्हतं. मी काढलं. प्रूफावर लाल शाईने.

मला भीती वाटते. आधी वाटलं ती प्रबंधाची असेल, आणि ती आहेच. पण रोज बाराला मी पडवीत उभा राहून डोंगराकडे बघतो आणि बायका परतीच्या वाटेला दिसेपर्यंत मला खाली बसवत नाही.

नरहरी


खांबेवाडी
२४ फेब्रुवारी

प्रभाताई,

तुम्ही लिहिलंत, ‘पौडला जा आणि दवंडी सुरू करायला सांगा.’ गेलो होतो. समारंभाला आले होते तेच साहेब. मी म्हटलं, सुरुंगाचं काम चालू आहे तोवर दवंडीही असू द्यावी. का, ते सांगितलं नाही. जिभेवर आलं होतं, पण साहेबांनी कपाटातून माझाच लेख काढला. खुणेचा कागद घालून ठेवलेला.

“दामले, अहो हे तुम्हीच लिहिलंय ना? शंभरात अठ्ठ्याण्णव! जिल्ह्यात दाखवतो मी हे. आणि तुम्हीच म्हणता दवंडी पिटा?”

मी म्हटलं, खबरदारी म्हणून. ते म्हणाले, बरं, मी स्वतः येऊन बघतो.

वाडीत हे मी येसाजींना सांगितलं. त्यांना खरं काय ते बहुधा पहिल्यापासून ठाऊक असावं. त्यांनी काही विचारलं नाही, नुसतं म्हणाले, “येऊ द्या सायबाला. गावाची अब्रू आमच्या हातात हाय.” दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर लीलाबाई पाटीवरचा मजकूर मोठ्याने म्हणत होती आणि बाकीच्या घागरी घासत तिच्या मागे म्हणत होत्या. दोन सकाळी. पुरे झाल्या.

साहेब आले. बायका एकेक करून पाटीपुढे उभ्या राहिल्या आणि बोट फिरवून सगळ्यांनी मजकूर वाचला. दुपारी बारा ते दोन या वेळेत कोणीही पुढे जाऊ नये. गोजराबाईला दिसत नाही, तिने पाटीच्या लाकडी खांबावरून बोट फिरवलं आणि बिनचूक वाचलं. साहेब टाळ्या वाजवत होते. मीही वाजवल्या.

आता तुम्ही चिडाल, पण जरा माझंही ऐका. त्यांना वेळ कळली की नाही? डोळ्याने काय आणि कानाने काय, बारा ते दोन जायचं नाही हे त्या दिवसापासून प्रत्येकीला पक्कं ठाऊक आहे. पंधरा दिवसांत मला पहिल्यांदा पोटभर जेवण गेलं. येसाजींनी न बोलता जे केलं ते माझ्या संशोधनाने दोन वर्षांत झालं नव्हतं.

आणि हो, सहीची आता घाई नाही. साहेब म्हणाले, मी स्वतः खात्री केली असं पत्र मीच देतो. तुमच्या सहीऐवजी ते चालेल, असं मार्गदर्शकांनी कळवलं आहे.

नरहरी दामले


खांबेवाडी
१९ मार्च

प्रभाताई,

‘पाठ केलेली वेळ उद्या बदलली तर काय कराल?’ तुमच्या या एका वाक्याने माझे चार दिवस नासले. तुमचं असंच असतं. माणसाला जरा टेकू मिळाला की तुम्ही तो काढून बघता.

काल रस्त्याच्या कामावरच्या मुकादमाकडे गेलो. तो म्हणाला, ऊन चढलंय, दुपारी कातळाला हात लावता येत नाही, माणसं कुरकुर करतात, बांधकामाच्या साहेबांनी हो म्हटलं तर वेळ बदलू. मी त्याला बजावलं की बदललीत तर आदल्या दिवशी मला कळवा. तो म्हणाला, “पाटीवर लिवतोच की. तुमचं तर समदं गाव शिकल्यालं हाय.”

साळूबाईला सांगितलं, वेळ बदलली तर मी येऊन सांगेन, मला विचारल्याशिवाय जायचं नाही. तिने मान डोलवली. मी दोन एप्रिलला पुण्याला निघतो हे मात्र तिला सांगायचं राहिलं. सांगेन. अजून बरेच दिवस आहेत.

शाळेचे गुरुजी कोळवणहून अकराला येतात, त्यांच्या कानावर घालायला हवं. येसाजींच्याही. पण त्यांच्याशी बोलायचं तर खरं ते तोंडाने बोलावं लागेल, आणि आमच्यात ते अजून एकदाही बोललं गेलेलं नाही. रोज समोरासमोर जेवतो आणि भाताबद्दल बोलतो.

न.


कोळवण
६ एप्रिल

प्रभाताई,

साळूबाई गेली. गुरुवारी सकाळी.

सगळं सांगतो, क्रमाने सांगतो. मधे मी स्वतःची बाजू घेऊ लागलो तर तेवढं सोडून वाचा.

गुरुवारी साहेब जीप घेऊन येणार होते. त्यांना पुण्याला काम होतं, मला बरोबर नेणार होते. सातच्या सुमारास मी प्रबंधाची पिशवी घेऊन वाट फुटते तिथवर उतरलो. जीप खाली नव्या रस्त्यावर वीसेक पावलांवर उभी होती. साहेबांनी बसल्या बसल्या हात बाहेर काढून पत्र दाखवलं. ते घेतलं, वाचलं, छान लिहिलं होतं. मग पिशवी उचलायला मागे वळलो आणि पाटी दिसली. रंग ओला होता. सकाळी सात ते नऊ.

मुकादमाने आदल्या संध्याकाळी रंगवली होती. मला कळवलं नव्हतं. मीही आदल्या दिवशी विचारायला गेलो नव्हतो, कागद लावत बसलो होतो.

तेवढ्यात वाडीकडून साळूबाई शेळ्या घेऊन आली. साहेबांना बघून तिने पदर सारखा केला आणि पाटीपुढे उभी राहिली. बोट फिरवलं. मी तिच्या शेजारी, हाताच्या अंतरावर होतो. ती बेताच्या आवाजात म्हणाली, “दुपारी बारा ते दोन या वेळेत कोणीही पुढे जाऊ नये.” आणि माझ्याकडे बघून हसली. मला विचारल्याशिवाय जायचं नाही असं तिला सांगितलं होतं ना, म्हणून बघितलं असेल.

खालून साहेब ओरडले, “काय बाई, वाचलं का?”

“व्हय सायेब, वाचलं.”

“शाब्बास!”

मी मान हलवली. ताई, मी होकाराची मान हलवली. ‘साळूबाई, वेळ बदललीय’ एवढंच म्हणायचं होतं. पण साहेब ऐकत होते आणि पत्र माझ्या खिशात होतं. मनात असं आलं की बार काही सातच्या ठोक्याला उडत नाही, मुकादम शिट्टी वाजवेल, ती पुढे गेली की जरा वेळाने मागून कुणाला तरी पाठवू. ती शेळ्या हाकत वर गेली. मी जीपमध्ये बसलो.

साहेब जिल्ह्याच्या बक्षिसाबद्दल बोलत होते. एक वळण गेलं. दुसरं गेलं. मग मी म्हणालो, “थांबवा.” त्यांना आधी वाटलं की मला ओकारी येतेय. मी उडी टाकून धावलो. मुकादमाची शिट्टी ऐकू आली, पण ती खालच्या अंगाला, रस्त्याच्या बाजूला. वरच्या वाटेवर वारा उलटा असतो. मी तिचं नाव घेऊन ओरडत होतो तेव्हाच बार झाला.

पुढचं लिहीत नाही. शेळ्या खाली पळत आल्या, त्यांच्या मागे ती आली नाही.

आता वाडीत काय चाललंय ते सांगतो. काम चार दिवस बंद आहे, उद्यापासून पुन्हा सातला सुरू होणार. पाटी तीच आहे. काल मी गोजराबाईला विचारलं, तिने मला बारा ते दोनच वाचून दाखवलं. भिकूच्या दारात जाऊन बसलो, तो म्हणाला, “लेखी हुकूम आणा, मग वाजवतो. म्या बी त्या दिशी भंडारा उचललाय.” म्हणून उद्यापासून सहा वाजता मी स्वतः त्या फाट्यावर उभा राहणार आहे आणि येईल त्या बाईला आडवा होऊन सांगणार आहे. प्रबंध पुण्याला गेलेला नाही, जाणारही नाही. हे पत्र मी पूर्ण नावानिशी सही करून धाडतोय ते तुम्ही हवं त्याला, हवं तिथे दाखवावं म्हणून. इथे माझं कोणी ऐकत नाही. का, ते सांगायचं मी एवढा वेळ टाळत होतो.

गुरुवारी दुपारी पंचनामा झाला. चावडीपुढे सगळी वाडी बसली होती. लिहिणाऱ्याने वाचून दाखवलं : मयत बाई साक्षर होती, तिने पाटी वाचली, वाचून पुढे गेली. साक्षीदार म्हणून साहेबांचं नाव होतं आणि माझं. मी उठलो. मी म्हणालो, “हे खोटं आहे. तिला वाचता येत नव्हतं. तिला पाटीवरची जुनी वेळ पाठ होती. इथे बहुतेकींना वाचता येत नाही. चाचणी मी चुकीची घेतली, आणि आज सकाळी तिची चूक मला ऐकू आली होती आणि मी बोललो नाही.”

येसाजी खाली जमिनीकडे बघत राहिले. बायका पदर तोंडाला लावून बसल्या होत्या, त्यातली एकही मान वर झाली नाही. साहेब म्हणाले, धक्का बसलाय त्यांना, पाणी द्या.

मग कुशाबा उठला. माझ्यापुढे येऊन उभा राहिला. मला वाटलं, मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

“मास्तर,” तो म्हणाला, “ती गेली. आता मागारी तिला खोटी पाडू नगा.”

“कुशाबा, अहो दोष तिच्यावर येतोय. वाचूनसुद्धा गेली असं लिहिताहेत ते.”

“लिवू द्या. चुकली आसंल. मानूस चुकतंय. पर भंडारा उचलून देवाम्होरं खोटं बोलल्याली बाई माज्या घरात न्हवती. तिला वाचता येत हुतं. म्या रोज आईकलंय.”

त्याने लिहिणाऱ्याच्या हातातून टाक घेतला. अंगठ्यासाठी शाईचा डबा पुढे सरकवला होता, तो बाजूला सारला. खाली बसला, कागद गुडघ्यावर घेतला आणि आपलं नाव काढायला लागला. फार वेळ लागला. सगळी वाडी त्याच्या हाताकडे बघत होती. झाल्यावर त्याने कागद लिहिणाऱ्याला दिला नाही, माझ्यापुढे धरला.

“बगा, मास्तर. बरुबर हाय का?”

मी पाहिलं. काना, मात्रा, सगळं जागेवर होतं. मी म्हणालो, बरोबर आहे.

नरहरी विष्णू दामले